अर्ध्या मार्काच्या बाई

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी बाई स्वयंपाकघरातल्या ओट्यावर साबणाची वडी तोलत होत्या. आधी वेष्टनासकट, मग वेष्टन काढून, मग नुसतं वेष्टन. काटा सोनाराकडे असतो तसला, दशांशापर्यंत दाखवणारा. तिन्ही आकडे वहीत उतरले. वेष्टनावर शंभर ग्रॅम छापलं होतं, काट्यावर शंभर पूर्णांक तीन आले. गेल्या महिन्यापर्यंत हीच वडी, याच भावात, एकशे दहा ग्रॅमची होती.

"उतरली का?" चहाचा कप घेऊन आत आलेल्या नवऱ्याने विचारलं.

"वजन उतरलं. भाव दहा टक्के चढला."

"मला आंघोळीला मिळेल का ती?"

"आधी फोटो."

"चौतीस वर्षं झाली," नवरा कपाला म्हणाला. "घरात साबणाला तोटा नाही आणि वापरायला एक नाही."

बाई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतात. त्यातलं स्थूल अर्थशास्त्र, म्हणजे एकेका दुकानाचं किंवा घराचं नव्हे तर सबंध देशाच्या भावांचं, रोजगाराचं आणि व्याजदराचं. बाईंचं स्वतःचं वजन पंचेचाळीस किलो. बाई सडपातळ आणि विषय स्थूल, हा विनोद त्यांच्या लग्नात कुणा मावसभावाने केला होता. तो अजून दर समारंभात होतो आणि दर समारंभात मावसभाऊ एकटाच हसतो.

एवढ्यात बाईंची आई काठी टेकत येऊन खुर्चीवर बसली. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट.

"काल रेडिओवर तू म्हणालीस महागाई कमी झाली."

"झाली ना."

"मग बटाटे का उतरले नाहीत?"

"आई, महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले असं नाही. भाव चढायचा वेग कमी झाला."

"म्हणजे चढतायतच."

"हो."

"मग तसं सांगावं. एवढा वेळ देतात रेडिओवाले." आईने जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, बिस्किटं कुठे आहेत?"

"बिस्किटं उद्या, आई. आज साबण आहे."

घरातला हा क्रम ठरलेला आहे. बाईंच्या यादीत बावीस वस्तू आहेत आणि प्रत्येकीचा वार ठरलेला आहे. सोमवारी चहाची पूड, बुधवारी साबण, गुरुवारी बिस्किटं. तोलून, मोजून, फोटो काढून झाला की माल घरच्यांच्या हवाली होतो. बिस्किटांच्या बाबतीत तो बहुतेक आईच्या हवाली होतो. "हिचं संशोधन मी खाऊन टाकते," असं ती शेजारणींना सांगते. ते खोटं नाही.

ही सवय लागली ती एकविसाव्या वर्षी. पदवी हातात होती, नोकरी नव्हती, म्हणून बाई सांख्यिकी कार्यालयात भाव टिपायच्या कामाला लागल्या. काम सोपं आणि कंटाळवाणं. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दुकानात जायचं आणि ठरलेल्या वस्तूचा भाव छापील तक्त्यात भरायचा. दुकानदार त्यांना पाहिलं की "आली जनगणना" म्हणायचे. दोन वर्षं साबणाच्या रकान्यात त्यांनी एकच आकडा भरला. मग एकदा हातातली वडी हलकी लागली म्हणून त्यांनी समोरच्या वाण्याच्या तराजूत टाकली. भाव तोच होता, वडी लहान झाली होती. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, "तक्त्यात वजनाचा रकाना आहे का? नाही ना? मग पुढचं दुकान."

बाईंनी राजीनामा दिला, पुन्हा विद्यापीठात नाव घातलं आणि त्या नसलेल्या रकान्यावर प्रबंध लिहिला. भाव न वाढवता माल कमी केला तर सरकारी महागाईच्या आकड्यातून किती महागाई निसटते, हा त्यांचा विषय. त्यावर त्यांचे अकरा निबंध छापून आले. परगावच्या परिषदांत त्यांना "साबणवाल्या बाई" म्हणून ओळखतात. त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठात मात्र हे नाव चालत नाही. तिथे त्या "अर्धा मार्क" आहेत.

या नावामागे एक शब्द आहे, टक्केबिंदू.

बाई तो पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहितात. बँकेचा व्याजदर चार टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेला, तर तो किती वाढला? सगळा वर्ग ओरडतो, दोन टक्के! बाई म्हणतात, "चारचे दोन टक्के किती? शून्य पूर्णांक शून्य आठ. म्हणजे दर झाला चार पूर्णांक शून्य आठ. सहा कुठून आला?" मग त्या सांगतात की दर वाढला तो दोन टक्केबिंदूंनी, आणि टक्क्यांतच बोलायचं तर पन्नास टक्क्यांनी. "चार पूर्णांक शून्य आठवर कर्जाचा हप्ता हलतो. सहावर घर हलतं. हा फरक ज्याला कळत नाही त्याने देशाच्या तिजोरीजवळ जाऊ नये." आणि शेवटी, खडू ठेवता ठेवता: "टक्केबिंदूच्या जागी टक्के लिहिलं की अर्धा मार्क जाणार. रडू नका, भांडू नका, येऊ नका."

सव्वीस वर्षांत कुणी आलंही नाही.

त्या बुधवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मात्र एक जण आली.

बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीखाली सायकलींचा तळ, भिंतीला लोखंडी कपाट. कपाटात पुस्तकं कमी आणि रिकामी वेष्टनं जास्त, वर्षवार गठ्ठे करून दोऱ्याने बांधलेली. दारात उभी होती ती शेवटच्या वर्षाची मुलगी. ती वर्गात पहिल्या बाकावर बसते आणि पेन्सिल कानावर अडकवून विसरते, म्हणून तिला सगळे पेन्सिलवाली म्हणतात. आताही पेन्सिल कानावर होती. हातात तिच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत होती आणि बाईंचं स्वतःचं पाठ्यपुस्तक.

"मॅडम, फेरतपासणीचा अर्ज केलाय मी. अर्धा मार्क."

"पहिल्या तासाला काय सांगितलं होतं?"

"रडू नका, भांडू नका, येऊ नका. पहिली दोन पाळतेय."

बाईंनी हात पुढे केला. गुण होते साडेएकोणसाठ. संशोधनाच्या अभ्यासक्रमाला नाव घालायला साठ लागतात. पूर्ण साठ, वर ढकलून केलेले चालत नाहीत. यादी आज संध्याकाळी पाचला बंद होणार होती आणि पुढची वर्षभराने निघणार होती. पेन्सिलवालीला एका टायरच्या कंपनीत नोकरी मिळाली होती. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवून सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"टायर वाईट नसतात," बाई म्हणाल्या.

"मॅडम, चौथा प्रश्न बघा ना."

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात दुसरं वाक्य होतं: 'व्याजदर चार टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेला, म्हणजे दोन टक्क्यांनी वाढला, आणि कर्ज काढून घर बांधू पाहणाऱ्याने हात आखडता घेतला.' 'दोन टक्क्यांनी'खाली लाल रेघ, पुढे वजा अर्धा. समासात बाईंच्या अक्षरात शेरा होता: 'भाषा चांगली. अचूकपणा नाही.'

"बरोबरच कापलाय," बाई म्हणाल्या. "हे चूक आहे."

"चूक आहे हे मला मान्य आहे, मॅडम. फक्त ती माझी नाहीये." मुलीने पुस्तक उघडून पुढे सरकवलं. "पान एकशे चौदा, शेवटून तिसरी ओळ. मी नुसती पाठ केली."

बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. हात आखडता घेणारा माणूस तिथे होता, कर्ज होतं, घर होतं, आणि दोन टक्केही होते. स्वल्पविरामसुद्धा तेच.

"पाठांतर करू नका असं मी सांगते," बाई म्हणाल्या. उत्तर लंगडं आहे हे त्यांना बोलताबोलताच कळलं.

"मग पाठांतराचा अर्धा कापा. तो द्यायला तयार आहे मी. टक्केबिंदूचा नको."

त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. बाईंनी पान खिडकीकडे तिरपं धरलं. खोडलेली अक्षरं दिसत होती: 'टक्के की बिंदू? विचारणे.'

"हे कधीचं?"

"परीक्षेच्या दोन महिने आधीचं."

"मग विचारलं का नाहीस?"

मुलीने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. "तुमचं पुस्तक होतं, मॅडम. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असणार. म्हणून खोडलं."

बाईंनी पुस्तक मिटून छायाप्रतीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "अडीच वाजता ये. आणि टायरवाल्यांना अजून काही कळवू नकोस. हो नको आणि नाहीही नको."

मुलगी गेल्यावर बाईंनी जे केलं ते कोणत्याही लेखकाने केलं असतं. त्यांनी टाइप करणाऱ्यावर संशय घेतला. पुस्तक एकोणीस वर्षांपूर्वीचं, तेव्हा मजकूर बाहेर टाइपला जायचा. टक्केबिंदू हा शब्द त्या माणसाने कधी ऐकला नसेल, त्याला वाटलं असेल बाईंच्या हातून दोन अक्षरं जास्त पडली, आणि त्याने उपकार म्हणून उडवली असतील. हा तर्क बाईंना इतका पटला की त्या माणसाचा त्यांना रागही येऊन गेला.

मूळ हस्तलिखित कपाटाच्या तळाशी होतं. ते काढायला साबणाचे अकरा गठ्ठे जमिनीवर मांडावे लागले. पंधरा मिनिटांनी पान सापडलं. शाई निळी, अक्षर बाईंचं, शब्द टक्क्यांनी. टाइप करणाऱ्याने इमानेइतबारे काम केलं होतं.

आता कोडं पडलं. पुस्तक लिहिलं त्याच्या आधी सात वर्षं बाई दुसऱ्यांचे अर्धे मार्क कापत होत्या. मग स्वतः असं लिहितील कशा? उत्तर हस्तलिखिताच्या खालीच होतं, एका निळ्या वहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तास घ्यायच्या भीतीने त्यांनी व्याजदराचं सबंध प्रकरण वाक्यावाक्याने लिहून काढलं होतं. हात आखडता घेणारा माणूस तेव्हाचाच. त्यानंतर चार वर्षांनी त्यांच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक, वयाने मोठे, बोलायला मऊ. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाळ, हे दोन टक्के आहेत की दोन टक्केबिंदू?" बाईंना उत्तर आलं नाही. पदवी मिळाली, पण दुरुस्तीच्या अटीवर. घरी जाऊन बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी अर्ध्या मार्काचा नियम जाहीर केला. पुढे पुस्तक लिहायची वेळ आली तेव्हा एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी जुन्या वहीतून व्याजदराचं प्रकरण उतरवून काढलं. तोंडपाठ प्रकरण, त्यात बघायचं काय? त्यानंतर तीन आवृत्त्या निघाल्या. बाईंनी स्वतःचं पुस्तक पुन्हा वाचलं नाही. कोण वाचतं?

गठ्ठे तसेच जमिनीवर ठेवून बाई एक वाजता खाली उतरल्या.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान विद्यापीठापासून दोन गल्ल्यांवर आहे. दुपारचा डबा दोघं तिथे खातात. बाई पोचल्या तेव्हा एक आजोबा खुर्चीवर बसून भिंतीवरची अक्षरं वाचत होते. जिथे दिसत नव्हतं तिथे अंदाज करत होते.

"काका, अंदाज नको. दिसत नसेल तर नाही म्हणा."

"नाही कसं म्हणू? मागच्या वेळी दिसलं होतं की."

"मागच्या वेळी तुम्ही माझ्या मागे उभं राहून पाठ केलं होतं."

आजोबा हसले आणि पुढच्या आठवड्याचं ठरवून गेले. बाईंनी डबा उघडायच्या आधी सगळं सांगितलं. नवऱ्याने जेवता जेवता ऐकलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे तू स्वतःच्याच वाक्याला 'भाषा चांगली' म्हणून शेरा दिलास?"

"हसू नका."

"हसत नाहीये, ठसका लागला."

"अहो, द्यायचा का अर्धा मार्क? उत्तर चूक आहे. चुकीला मार्क दिला तर सव्वीस वर्षं मी काय केलं? नाही दिला तर शिकवायचं मी, चुकायचं मी आणि भरायचं तिने."

नवरा पाणी प्यायला. "अगं, दोन वर्षांपूर्वी माझं यंत्र पाव नंबर जास्त दाखवत होतं, आठवतं? सतरा जणांना चुकीच्या काचा गेल्या होत्या."

"आठवतं. दोन महिने तुम्हाला झोप नव्हती."

"मी काय केलं? गिऱ्हाइकाला सांगितलं नाही की तुमचा नंबर बरोबर आहे. आणि तुमचे डोळे खराब आहेत असंही नाही. काच बदलून दिली आणि पावतीवर लिहिलं, यंत्राची चूक. पण सतराच्या सतरा जणांना, हं. जो भांडायला आला त्याला एकट्याला नाही."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचा अर्धा डबा तसाच होता.

"जेवून तरी जा."

"अडीचला समिती आहे."

"समितीला उपाशी जाऊ नये, रागावल्यासारखं दिसतं," नवरा म्हणाला. पण बाई पायऱ्या उतरल्या होत्या.

परीक्षा समिती म्हणजे दोन माणसं आणि एक नियमपुस्तक. पहिले विभागप्रमुख. हे बाईंचेच बावीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी. दुसऱ्या परीक्षा विभागाच्या हेडक्लार्क. नियमपुस्तक यांच्या मांडीवर असतं आणि मांडीवरून हलत नाही. पेन्सिलवाली बाहेर बाकावर बसली.

बाईंनी छायाप्रत, पुस्तक आणि निळी वही टेबलावर ओळीने मांडली आणि दोन मिनिटांत हकीकत सांगितली. विभागप्रमुखांनी एकदा पुस्तक पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि खुर्चीला पाठ टेकली.

"मॅडम, माझं सुवर्णपदक अर्ध्या मार्काने गेलं होतं."

"माहीत आहे."

"टक्केबिंदूच."

"माहीत आहे म्हटलं ना."

"मग माझंही बघून टाका आज. आईला फोन करून सांगतो, बावीस वर्षांनी न्याय मिळाला."

"तुझ्या वेळी पुस्तक नव्हतं. मी तोंडी शिकवत होते आणि तोंडी बरोबर सांगत होते."

"हो," विभागप्रमुख म्हणाले. "म्हणूनच तर तक्रार केली नव्हती."

हेडक्लार्कबाईंनी घसा साफ केला. "गुण वाढवायचे तर कारण लागतं. नियमात सहा कारणं आहेत. बेरीज चुकली, पान तपासायचं राहिलं, पुरवणी सुटली, गुण चुकीच्या रकान्यात गेले, उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली, सहावं इतर. परीक्षकाचं पुस्तक चुकलं हे कुठेच नाही."

"इतर लिहा."

"इतर कधीच कुणी लिहिलेलं नाही, मॅडम."

"मग तो रकाना ठेवला कशाला?"

हेडक्लार्कबाईंनी यावर विचार केला. बारा वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

विभागप्रमुख आता गंभीर झाले होते. "एक अडचण आहे, मॅडम. ही मुलगी संशोधनाला तुमच्याकडेच येणार. आधी मार्क कापला, आता यादी बंद व्हायच्या दिवशी परत दिला. लोक बोलतील."

"बोलतीलच. म्हणून एकटीला द्यायचा नाही. सगळ्या उत्तरपत्रिका काढ."

"सगळ्या? एकशे बारा आहेत."

"फक्त चौथा प्रश्न बघायचा. ज्याने पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि अर्धा गमावला, त्याला अर्धा परत. ज्याने आपल्या मनाने दोन टक्के लिहिलं, त्याचा कापलेला तसाच राहणार. ती चूक त्याची स्वतःची आहे."

"पाचला यादी बंद होते."

"आत्ता दोन पन्नास झालेत. तिघं आहोत. माणशी अडतीस आणि दोन कमी. उठ."

गठ्ठा आला. तिघांनी वाटून घेतला. हेडक्लार्कबाईंना आधी वाक्य पाठ करावं लागलं. ते त्यांना इतकं आवडलं की दर उत्तरपत्रिका उघडताना त्या पुटपुटत होत्या, "हात आखडता घेतला, हात आखडता घेतला." एका उत्तरात त्यांना "हात वर केले" असं सापडलं. हे चालेल का, अशी त्यांनी चौकशी केली. चालणार नव्हतं. दुसऱ्या एकाने व्याजदर वाढल्यावर माणसाला घरच विकायला लावलं होतं. विभागप्रमुखांना हाताखालच्या सोळाव्या उत्तरपत्रिकेत टक्केबिंदू हा शब्द तीनदा अधोरेखित केलेला दिसला. प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं.

चार वाजून तीस मिनिटांनी शेवटची उत्तरपत्रिका मिटली. टक्केबिंदूपायी अर्धा मार्क गमावलेले निघाले एक्केचाळीस. त्यांतले पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिणारे तीन. एकाला बहात्तर होते, त्याचे साडेबहात्तर झाले. एकाला एकतीस होते. त्याचे साडेएकतीस झाले आणि तो तरीही नापास राहिला. तिसरी बाहेर बाकावर बसलेली होती.

विभागप्रमुखांनी तिन्ही उत्तरपत्रिका एकावर एक ठेवल्या.

"मॅडम," विभागप्रमुख सावकाश म्हणाले, "एकशे बारा जणांत तिघांनीच पुस्तक उघडलंय."

"दिसतंय मला."

"किती टक्के झाले हे?"

"दोन पूर्णांक सात."

"आणि पुढच्या वर्षी एकशे बारातले चार झाले, तर वाढ किती म्हणायची?"

बाईंनी क्षणभरही घेतला नाही. "टक्केबिंदूत एकापेक्षा कमी. टक्क्यांत तेहेतीस. प्रकाशकाला तेहेतीस सांग."

हेडक्लार्कबाई आधी हसल्या आणि मग विभागप्रमुख हसले. हसताना त्यांना बावीस वर्षांपूर्वीचं पदक आठवलं असेल तर ते त्यांनी दाखवलं नाही. कारणाच्या रकान्यात बाईंनी स्वतः लिहिलं: 'इतर. उत्तर चूक आहे. चूक परीक्षकाच्या पुस्तकातून आली आहे, पान ११४.' रकाना एका ओळीचा होता, मजकूर दोन ओळींचा झाला. हेडक्लार्कबाईंनी नाक मुरडलं आणि शिक्का मारला.

चार वाजून बेचाळीस मिनिटांनी दार उघडलं. पेन्सिलवाली उभी राहिली.

"साठ," बाई म्हणाल्या. "उत्तर अजून चूकच आहे, हे लक्षात ठेव."

"हो, मॅडम."

"यादी तळमजल्यावर आहे. पळ. जिन्याने जा, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबते."

ती तीन पायऱ्या उतरली आणि परत वर आली. "मॅडम, टायरवाल्यांना काय सांगू?"

"सांग, हात आखडता घेतला."

यादीत तिचं नाव सव्विसावं आणि शेवटचं लागलं. वेळ चार एकोणपन्नास. मार्गदर्शकाच्या रकान्यात बाईंचं नाव आहे आणि विषयाच्या रकान्यात 'नंतर कळवणे' आहे.

बाई खोलीत परतल्या तेव्हा साबणाचे अकरा गठ्ठे जमिनीवरच होते. ते उचलायच्या आधी त्या टेबलाशी बसल्या आणि पाच मिनिटांत एक कागद लिहिला. खोडाखोड एकदाच झाली. 'आढळल्यास' हा शब्द खोडून त्यांनी 'सापडल्यास' केला. मग कागद घेऊन स्वतः खाली गेल्या आणि सूचनाफलकावर चार टाचण्या मारून आल्या.

घरी आईने दारातच विचारलं, "आज उशीर का?"

"चूक झाली होती. दुरुस्त करत होते."

"कुणाची?"

"माझी."

"बरं झालं," आई म्हणाली. "मला वाटलं, बटाट्यांची."

नवऱ्याने सगळी हकीकत ऐकून घेतली, तीन हा आकडा दोनदा विचारून घेतला आणि तो नव्या वडीने आंघोळ करून आला. फोटो सकाळीच झाला होता.

फलकावरच्या कागदावर तीनच वाक्यं आहेत. 'पाठ्यपुस्तकाच्या पान ११४ वर शेवटून तिसऱ्या ओळीत "टक्क्यांनी"च्या जागी "टक्केबिंदूंनी" असे वाचावे. पुस्तकात आणखी चूक सापडल्यास वर्गात उभे राहून सांगावे. प्रत्येक चुकीला अर्धा मार्क मिळेल.' खाली सही आणि तारीख. सव्वापाच ते सहाच्या दरम्यान विभागाच्या ग्रंथालयातून पुस्तकाच्या एकोणतीस प्रती घरी गेल्या. आदल्या सबंध वर्षात सात गेल्या होत्या.

उद्या गुरुवार. सहा चाळीसला बिस्किटांचा पुडा फुटेल, त्यावर सोळा नग छापलेले आहेत. पहिल्या वर्षाचा तास नऊ वाजता खोली क्रमांक सातमध्ये आहे आणि अर्ध्या मार्काचा नवा नियम तिथूनच लागू होतो.